शेतीचा वाटा १८ टक्के, माणसं ४६ टक्के: तालुक्याच्या पातळीवर हे मोजायचं कसं?

मांढळ_रोड

एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी 'विकसनशील अर्थव्यवस्थेत शेतीचं घटतं स्थान' हा विषय घेतला आहे. देशाचे आकडे मिळाले. सकल मूल्यवर्धनात (उत्पादनाच्या किमतीतून त्यासाठी वापरलेला माल-सेवा वजा जाता उरणाऱ्या मूल्यात) शेती व संलग्न क्षेत्राचा वाटा चालू किमतींना (त्या-त्या वर्षीच्या भावानं) साधारण १८ टक्के, आणि २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शेतीत काम करणारे ४६.१ टक्के. हेच मला नागपूर जिल्ह्यातल्या कुही आणि काटोल या दोन तालुक्यांसाठी करायचं आहे. कुहीकडे धान, कापूस, सोयाबीन, मिरची. काटोलकडे संत्रा आणि कापूस.

तीन ठिकाणी अडलो आहे. एक, वाटा घटतोय म्हणजे शेती मागे पडतेय असं लिहिता येईल का? दोन, जिल्हा उत्पन्नातला शेतीचा टक्का तसाच तालुक्याला लावला तर चालेल का? तीन, गावातल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी बुटीबोरी, हिंगणा किंवा शहरात बांधकामावर जातं, पण विचारलं की घर 'शेतकरी' म्हणूनच सांगतात. अशी माणसं कोणत्या रकान्यात टाकायची?

जाणकारांनी नेमकं सांगावं, ढोबळ नको.

---

सांख्यिकी_सिव्हिल_लाइन्स

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते चुकलं की सगळा प्रबंध चुकतो.

नाही, तसं लिहिता येणार नाही. वाटा घटणं आणि शेती घटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५०-५१ मध्ये देशाचं अन्नधान्य उत्पादन सुमारे ५.१ कोटी टन होतं, २०२३-२४ मध्ये ते ३३ कोटी टनांच्या वर गेलं. याच काळात राष्ट्रीय उत्पन्नातला शेतीचा वाटा निम्म्याहून अधिक होता तो पाचव्या हिश्श्याच्या खाली आला. उत्पादन सहापट झालं आणि वाटा तरी घसरला, कारण बाकीची क्षेत्रं जास्त वेगानं वाढली. स्वतः करून बघा. आज शेती १८ आणि बाकी ८२ धरा. शेती दरवर्षी ३.५ टक्के वाढली (हा वेग वाईट नाही) आणि बाकी सगळं ७.५ टक्के वाढलं, तर दहा वर्षांनी शेतीचा वाटा १३ टक्के होतो आणि वीस वर्षांनी ९ च्या थोडा वर. शेती मात्र या वीस वर्षांत जवळपास दुप्पट झालेली असते.

मुळाशी एंगेलचा नियम आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवलं की कुटुंबाचं उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा हिस्सा कमी होतो. आपल्याकडे ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चात अन्नाचा हिस्सा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ४६.४ टक्क्यांवर आला. त्यातही आता सर्वांत मोठी बाब धान्य नाही, भाजी नाही, तर पेयं आणि तयार खाद्यपदार्थ. म्हणजे अन्नावर जो रुपया जातो त्यातलाही मोठा भाग कारखाना, वाहतूक आणि दुकान घेतं. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचणारा भाग आणखी लहान.

किमती कुठल्या, तेही लिहा. चालू किमतींना १८ टक्के येतो, २०११-१२ च्या स्थिर किमतींना (म्हणजे सगळ्या वर्षांना त्याच वर्षाचे भाव लावून) तो १५ च्या आसपास येतो. एका प्रकरणात चालू आणि दुसऱ्या प्रकरणात स्थिर वापरून 'तीन टक्के घसरण' दाखवणारे प्रबंध पाहण्यात येतात. ती घसरण नसते, ती मालिकांची सरमिसळ असते. वाट्यासाठी चालू किमती, वाढीच्या दरासाठी स्थिर किमती, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका.

खरा प्रश्न दुसऱ्या आकड्यात आहे. शेतीतल्या कामकऱ्यांचं प्रमाण २०११-१२ मध्ये ४८.९ टक्के होतं, २०१८-१९ मध्ये ४२.५ वर आलं, आणि कोरोनाच्या काळात उलट फिरून २०२०-२१ मध्ये ४६.५ झालं. टाळेबंदी संपून वर्षं लोटली तरी २०२३-२४ मध्ये ते ४६.१ आहे. चीनमध्ये १९७८ साली ७० टक्क्यांहून अधिक लोक शेतीत होते, आज चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहेत. तिथेही वाटा घटला, पण माणसंही घटली. आपल्याकडे उत्पन्नाचा वाटा शेतीतून निघून गेला आणि माणसं तिथेच राहिली.

दोन्ही आकड्यांचा भागाकार करा. १८ भागिले ४६.१ म्हणजे ०.३९. बिगरशेतीचं ८२ भागिले ५३.९ म्हणजे १.५२. एका बिगरशेती कामकऱ्यामागचं मूल्य शेतीतल्या कामकऱ्याच्या जवळपास चौपट. प्रबंधाचा कणा या गुणोत्तराचा करा. नुसत्या वाट्याचा करू नका.

---

वावर_आणि_वही

दुसरा प्रश्न माझ्याकडे घेतो.

जिल्ह्याचा टक्का तालुक्याला लावू नका. नागपूर जिल्ह्यात तर अजिबातच नाही. २०११ च्या जनगणनेत इथली ६८ टक्के लोकसंख्या नागरी होती. कोराडी-खापरखेडा-मौदा इथली वीजनिर्मिती, उमरेड-सावनेरकडच्या कोळसा खाणी, शहरातल्या बँका, दवाखाने, घरबांधणी, हे सगळं जिल्हा उत्पन्नात येतं. त्यात शेतीचा टक्का इतका लहान दिसतो की कुहीचं चित्र ओळखूही येणार नाही. शिवाय जिल्हा उत्पन्नाचे बरेच घटक प्रत्यक्ष मोजलेले नसतात, राज्याचा आकडा काही निर्देशकांवरून जिल्ह्यांत वाटून दिलेला असतो. तो पुन्हा तालुक्यात वाटला तर तुमच्या हाती फक्त वाटणीची पद्धत उरते.

तालुक्याचं शेतीतलं मूल्यवर्धन स्वतः काढता येतं. क्षेत्र ई-पीक पाहणी आणि तालुका कृषी कार्यालयाच्या पीकनिहाय पेरणी अहवालातून. उत्पादकता महसूल मंडळनिहाय पीक कापणी प्रयोगांतून. भाव शिवारातला. हमीभाव लावू नका आणि कळमन्याचा (नागपूरच्या बाजार समितीचा) भावही तसाच उचलू नका. कळमन्याच्या भावातून गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि ओलाव्याची कपात काढा, मग वावरातला भाव मिळतो. सोयाबीन हमीभावाखाली विकलं गेलेल्या हंगामात हमीभाव धरला तर मूल्य उगाच फुगतं.

यात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे खर्च कोणता वजा करायचा ही. मूल्यवर्धन काढताना फक्त बाहेरून घेतलेला, त्या हंगामात संपून जाणारा माल आणि सेवा वजा होतात: बियाणं, खत, फवारणीची औषधं, डिझेल, वीज, ट्रॅक्टरचं भाडं. मजुरी वजा होत नाही. मक्ता (कसायला घेतलेल्या जमिनीचं भाडं) वजा होत नाही. कर्जाचं व्याजही वजा होत नाही. कारण ही तिन्ही त्या मूल्यवर्धनाचीच वाटणी आहे: मजुराचा हिस्सा, जमीनमालकाचा हिस्सा, सावकाराचा किंवा बँकेचा हिस्सा.

कापसाच्या एका एकराचा नमुना हिशेब मांडतो. आकडे समजून घेण्यापुरते आहेत, तुमच्या मुलाखतीतले टाका. कोरडवाहू, ८ क्विंटल, शिवारात ७,००० भाव. एकूण ५६,०००. बियाण्याची दोन पाकिटं १,८००, खत ४,५००, फवारण्या ५,०००, नांगरणी-वखरणी-ट्रॅक्टर ४,५००, वीज व किरकोळ ७००. झाले १६,५००. मूल्यवर्धन ३९,५००.

आता याची वाटणी. वेचाई किलोला १० रुपयांनी ८,०००, निंदण-डवरणी-फवारणीची मजुरी ६,०००. उरले २५,५००. जमीन मक्त्यानं असेल आणि मक्ता १२,००० असेल, तर करणाऱ्याच्या हातात १३,५००, आणि त्यातच त्याच्या घरच्या माणसांची सहा-सात महिन्यांची मेहनत.

मजुरी चुकून वजा केली तर मूल्यवर्धन ३९,५०० ऐवजी २५,५०० दिसतं, म्हणजे ३५ टक्के कमी. ज्या पिकाला हात जास्त लागतात त्यात ही चूक मोठी होते. म्हणजे कापूस आणि मिरची उगाच गरीब दिसतात, सोयाबीन उगाच श्रीमंत.

जोडउत्पादन विसरू नका. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं कुटार गुरांना जातं किंवा विकलं जातं, धानाची तणस जाते, तुराट्या आणि पराट्या (तुरीची आणि कपाशीची वाळलेली झाडं) चुलीला जातात. विकलं नसलं तरी मूल्य धरायचं. फक्त एक सांभाळा. तेच कुटार दुधाच्या हिशेबात चारा म्हणून खर्चाला टाकायचं, नाहीतर दोनदा मोजलं जाईल. जनावरांची संख्या २०१९ च्या पशुगणनेतून घ्या.

---

मांढळ_रोड

धन्यवाद, हे फारच उपयोगी आहे. कृषी मूल्य आयोगाचा 'ए-२' खर्च तयार मिळतो. तो वजा केला तर चालेल का? आणि संत्र्याचं काय करू? काटोलकडे बागच्या बाग व्यापाऱ्याला उक्ती (एकरकमी) देतात, त्यामुळे क्विंटलचा भाव शेतकऱ्यालाच ठाऊक नसतो.

---

वावर_आणि_वही

ए-२ नको. त्यात लावलेल्या मजुरांची मजुरी, मक्त्यानं घेतलेल्या जमिनीचं भाडं आणि खेळत्या भांडवलावरचं व्याज धरलेलं असतं. ए-२ वजा केला की वर सांगितलेलीच चूक होते. आयोगाच्या तपशीलवार तक्त्यात घटक वेगळे दिलेले असतात. त्यातले बियाणं, खत, औषधं, सिंचन, यंत्रभाडं एवढेच उचला.

संत्र्यात उक्ती सौद्याची रक्कम हीच शिवारातली किंमत. भाव क्विंटलला न विचारता 'बाग कितीत गेली आणि त्यात किती झाडं धरती (फळ देणारी) होती' असं विचारा. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडं बसतात. त्यातली मेलेली आणि तुरळक लावलेली वगळून रक्कम झाडामागे काढा आणि तालुक्यातल्या धरत्या झाडांनी गुणा. तोडणी, छाटणी, क्रेट, ट्रक हा खर्च व्यापाऱ्याचा असतो. त्याचं मूल्य व्यापार आणि वाहतुकीत मोजलं जातं, शेतीत नाही. आंबिया आणि मृग असे दोन बहार (फुलोऱ्याचे हंगाम) आहेत, सौदे वेगळे होतात, दोन्ही विचारा. पाण्याअभावी एकच बहार धरलेला असतो, तेव्हा दोनानं गुणू नका.

नव्या बागा हा दुसरा सापळा. लागवडीपासून पहिली चार-पाच वर्षं फळ मिळत नाही. सातबाऱ्यावर 'संत्रा' दिसतो म्हणून ते क्षेत्र उत्पादकतेनं गुणलं तर उत्पादन फुगतं. त्या वर्षांतला खर्च भांडवलनिर्मिती आहे. या काळात ओळींमध्ये घेतलेलं सोयाबीन किंवा हरभरा मात्र वेगळा मोजायचा. आणि फळगळीचं वर्ष निवडलंत तर तसं स्पष्ट लिहा. तीन वर्षांची सरासरी घेणं सर्वांत बरं.

---

मजुरीचा_कागद

तिसरा प्रश्न माणसांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ४६ टक्के हा आकडा माणसं मोजतो, काम मोजत नाही.

सर्वेक्षणात मागच्या ३६५ दिवसांत ज्या कामात सर्वांत जास्त वेळ गेला ती माणसाची मुख्य स्थिती. त्याशिवाय ३० दिवस किंवा जास्त केलेलं काम ही दुय्यम स्थिती. आता दोन माणसं घ्या. एक मुलगा सात महिने हिंगण्याच्या कारखान्यात ठेक्यानं आणि तीन महिने घरच्या वावरात. तो कारखान्यात मोजला जातो, त्याचं शेतीतलं काम ४६ टक्क्यांत येतच नाही. दुसरी, घरातली बाई. वर्षातला बहुतेक वेळ स्वयंपाक, पाणी, मुलं. पण निंदणाला आणि वेचाईला मिळून चाळीस-पन्नास दिवस वावरात. ती दुय्यम स्थितीमुळे शेतीतली कामकरी ठरते, पूर्ण एक माणूस म्हणून. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ७६.९ टक्के शेतीत होत्या. अलीकडे शेतीतला आकडा वाढला त्यात घरच्या शेतीवर बिनपगारी राबणाऱ्या स्त्रियांचा हिस्सा मोठा आहे. त्यांचं काम खरं आहे, कष्टाचं आहे, आणि ते मोजलं जाणं योग्यच आहे. पण ते बाराही महिन्यांचं काम आहे असं धरून भागाकार केला, तर दरमाणशी उत्पादन जे आहे त्याहून कमी दिसतं.

म्हणून तालुक्यात माणसांऐवजी दिवस मोजा. घरातल्या पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकासाठी बारा महिन्यांचा तक्ता करा, जून ते मे. प्रत्येक महिन्यात किती दिवस: स्वतःच्या वावरात, दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं, गुरांमागे, गावातल्या बिगरशेती कामावर, गावाबाहेर. अर्धा दिवस अर्धाच लिहा. बायकांची माहिती बायकांनाच विचारा. घरातला पुरुष सांगतो तेव्हा 'ती घरीच असते' असं उत्तर येतं आणि वेचाईचे तीस दिवस कागदावरून गायब होतात.

महिन्यांच्या नावापेक्षा पिकाच्या टप्प्यानं विचारलं की आठवण नीट येते. 'ऑगस्टमध्ये किती दिवस?' याला उत्तर नाही. 'पराटीच्या पहिल्या निंदणाला किती दिवस गेलात?' याला आहे. दिवाळीच्या आधी किती वेचे झाले, नंतर किती, असं विचारा.

पिकांचा फरक यात स्वच्छ दिसतो. कापसाला ८ क्विंटल आणि एका बाईची दिवसाची वेचाई २५ ते ३० किलो धरली, तर नुसत्या वेचाईला २७ ते ३२ दिवस लागतात, आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे दोन-तीन महिन्यांत पसरलेले असतात. सोयाबीन हार्वेस्टरनं काढलं तर एकराची काढणी तासाभराच्या आसपास आटोपते. तणनाशक आल्यानं निंदणही घटलं. तालुक्यात कापूस जाऊन सोयाबीन आलं की शेतीतलं मूल्यवर्धन फारसं न हलताही कामाचे दिवस एकदम पडतात, आणि ते मुख्यतः बायकांचे पडतात. त्यांच्यासाठी रोज सकाळी बुटीबोरीला जाणारी गाडी नसते. तुमच्या प्रबंधात हे एक स्वतंत्र प्रकरण असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दिवसांवरून काढलेलं गुणोत्तर चौपट येणार नाही. ते बरंच खाली येईल. पण मिटणार नाही, तेही लक्षात ठेवा. दोन्ही आकडे शेजारी छापा.

'शेतकरी घर' कुणाला म्हणायचं यासाठी स्वतःची व्याख्या करत बसू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीची घ्या: शेतीतून वर्षाला ४,००० रुपयांहून जास्त उत्पादन आणि किमान एक माणूस शेतीत स्वयंरोजगारी. याच फेरीत, म्हणजे २०१८-१९ मध्ये, शेतकरी कुटुंबाचं मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात मजुरी-पगार ४,०६३, पीक ३,७९८, जनावरं १,५८२, बिगरशेती धंदा ६४१, जमिनीचं भाडं १३४. आधीच्या २०१२-१३ च्या फेरीत ६,४२६ पैकी पीक ३,०८१ आणि मजुरी २,०७१ होती. म्हणजे सहा वर्षांत पिकाचा हिस्सा ४८ टक्क्यांवरून ३७ वर, मजुरीचा ३२ वरून ४० वर. शेतीचं घटतं स्थान जीडीपीच्या तक्त्याआधी शेतकऱ्याच्या घरातच दिसतं. तुमच्या दोन तालुक्यांत हीच पाच रकान्यांची विभागणी काढा, तुलना आयती मिळेल.

---

गाठ_आणि_ढेप

एक वर्गीकरणाची बाब कोणी काढली नाही, आणि विदर्भात ती महत्त्वाची आहे.

जिनिंग कुठे मोजणार? २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात कापसाची जिनिंग, सफाई आणि गाठी बांधणं हे कृषी विभागात, काढणीनंतरच्या कामांत येतं (०१६३२). पण उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणात जिनिंगचे नोंदलेले कारखानेही धरलेले असतात. एका स्रोतातून शेती आणि दुसऱ्यातून उद्योग घेतलात तर जिनिंग एकतर दोनदा येईल किंवा सुटेल. कुठे टाकलंत ते तळटीपेत लिहा.

मालाचा प्रवास असा आहे. १०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. ६४-६५ क्विंटल सरकी, बाकी घट. सरकी घाणीवर गेली की तेल आणि ढेप. तेल आणि ढेप उद्योगात मोजली जाते, ढेप परत गोठ्यात येऊन दुधाच्या खर्चात बसते. गाठी मात्र बहुतेक जिल्ह्याबाहेर जातात. सूत, कापड, कपडे या प्रत्येक पायरीवरचं मूल्य दुसऱ्या जिल्ह्याच्या, दुसऱ्या राज्याच्या खात्यात पडतं.

नागपूरला या पायऱ्या होत्या. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस उगवतो तिथे, रेल्वेशेजारी गिरणी हवी म्हणून. २००२ मध्ये ती बंद झाली. शेतातून सुटलेल्या माणसाला शेतमालावरच चालणाऱ्या कारखान्यात, फार शिक्षण न लागता मिळणारं काम, ही पायरी इथे निघून गेली. संत्र्यातही तीच अडचण वेगळ्या कारणानं आहे. नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिनमुळे काही वेळानं कडवटपणा उतरतो, बियाही भरपूर. त्यामुळे रसासाठी जास्तीची प्रक्रिया करावी लागते, आणि फळ मुख्यतः ताजं खायलाच विकलं जातं. ताज्या फळाच्या धंद्यात तोडणी-प्रतवारीचे थोडे आठवडे सोडले तर रोजगार नाही.

एक जास्तीचा रकाना करा: शेती, शेतमालावरची प्रक्रिया, निविष्ठा (बियाणं, खत, औषधं) व यंत्रदुरुस्ती, बाजार व वाहतूक. शेतीचा वाटा घटताना या साखळीचा एकत्रित वाटा टिकला का, हे पाहणं नुसत्या शेतीच्या टक्क्याहून जास्त सांगेल.

---

सातबारा_वाचक

वरच्या सगळ्यांशी सहमत. फक्त 'माणसं शेतीत अडकली आहेत' हे वाक्य लिहिताना कशामुळे, ते सुटं करून लिहा. दोन कारणं वेगळी आहेत.

एक, बाहेर काम पुरेसं नाही. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की शेतीतले जास्तीचे हात आधुनिक क्षेत्र ओढून घेईल आणि ते हात संपले की मजुरी वाढू लागेल. आपल्याकडे ओढ कमी पडते. २०२३-२४ मध्ये उत्पादन उद्योगात ११.४ टक्के कामकरी होते, बांधकामात १२ टक्के. शेतातून सुटलेला माणूस यंत्रावर जाण्याऐवजी स्लॅबवर जातो, आणि पावसाळ्यात परत येतो. किती ओढ हवी याचं गणित सोपं आहे. कामकऱ्यांची संख्या वर्षाला १.५ टक्का वाढते असं धरा. १०० पैकी ५४ बिगरशेतीत आहेत. सगळी वाढ बिगरशेतीनं सामावायची तर तिथला रोजगार १.५ भागिले ५४, म्हणजे दरवर्षी २.८ टक्के वाढला पाहिजे. हा वेग फक्त शेतीतली संख्या जागच्या जागी ठेवण्यासाठी. संख्या घटवायची तर याहून जास्त.

दोन, जमीन सोडणं धोक्याचं आहे. विदर्भाला १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. लेखी करार केला तर कसणारा कुळ म्हणून हक्क सांगेल ही भीती मालकांच्या मनात घट्ट बसली आहे. म्हणून मक्ता तोंडी, बटई तोंडी, आणि दर एक-दोन वर्षांनी माणूस बदलायचा. परिणाम असा की नागपुरात राहून नोकरी करणारा सातबाऱ्यावर शेतकरी, पीएम-किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० त्याच्याच खात्यात. वावरात राबणारा मात्र कागदावर कुठेच नाही. त्याला पीककर्ज नाही, आणि अतिवृष्टीची मदतही मालकाच्या नावावर येते. निवृत्तिवेतन नसलेल्या ठेका-कामगारालाही जमीन सोडवत नाही, कारण काम सुटलं तर तीच एक आधाराची गोष्ट.

याचा तुमच्या आकड्यांवर थेट परिणाम होतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राचं सरासरी खातं १.३४ हेक्टर दिसतं (१९७०-७१ मध्ये ४.२८ होतं). ही गणना आपल्याकडे महसुली दप्तरावरून होते, त्यामुळे तोंडी मक्ता त्यात दिसत नाही. पाच खातेदारांची मिळून पंधरा एकर एकच माणूस करत असेल तरी ती पाच लहान खाती. उलट, भावाभावांत वाटणी होऊनही फेरफार झाला नसेल तर एकच मोठं खातं. मुलाखतीत 'तुमची शेती किती?' असं विचारू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा: नावावर किती, यंदा स्वतः केली किती, दिली-घेतली किती आणि कशानं. आणि मक्त्याचं विचारताना वही बंद ठेवून विचारा, नाहीतर उत्तर 'नाही' असंच येतं.

---

मांढळ_रोड

आराखडा बराच बदलावा लागेल असं दिसतंय. एक शेवटचं: मुलाखती कोणत्या महिन्यात घेऊ? आणि दोन तालुक्यांत मिळून १२० घरं पुरतील का?

---

मजुरीचा_कागद

मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिल. तोवर कापसाचा शेवटचा वेचा आटोपलेला असतो, तूर निघालेली असते, हरभरा-गहू हातात असतो, आंबियाच्या मागच्या बहाराचा पैसा आलेला असतो आणि पुढच्या हंगामाचं बियाणं अजून घेतलेलं नसतं, त्यामुळे खर्चाची सरमिसळ होत नाही. कुहीकडे उन्हाळी धान असलेल्या गावांत मात्र जूनच्या सुरुवातीला पुन्हा एक फेरी करा. नाहीतर ते पीक पूर्ण सुटेल. त्याच फेरीत मार्चला भेटलेला मुलगा एप्रिल-मेमध्ये कुठे कामाला गेला, तेही कळेल.

१२० घरं पुरतील, पण सरसकट काढू नका. प्रत्येक तालुक्यात तीन गावं: एक शहराच्या किंवा एमआयडीसीच्या रोजच्या ये-जा अंतरातलं, एक ओलिताचं, एक कोरडवाहू आणि रस्त्यापासून आतलं. गावात वीस घरं. त्यात पाच भूमिहीन हवीतच, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीवरून काढा. सातबाऱ्यावरून काढाल तर भूमिहीन घर येणारच नाही.

---

वावर_आणि_वही

घरपट्टीच्या नोंदीत गाव सोडून गेलेली कुलूपबंद घरंही असतात. ती यादीतून काढून टाकू नका. शेजाऱ्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: घर कधी बंद झालं, जमीन आहे का, असेल तर सध्या कोण करतं.